म्हशीचा सोमवार

रेल्वे म्हटलं की लोकांना कुठलातरी प्रवास आठवतो. आमच्या लाईनीवर मात्र जन्मात कुणी तिकीट काढून बसलं नाही. परळीच्या स्टेशनात बाजूला रूळ बदलायचा एक काटा होता. तिथून फुटून आमची लाईन माळ चढायची, सिमेंटच्या कारखान्यात शिरायची आणि संपायची. बस्, एवढाच तिचा पसारा. सकाळी स्टेशनातून चालत निघालेला माणूस जेवायच्या वेळेला कारखान्यात पोचावा. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे आली पाहिजे म्हणून तिकडं बीडला मोर्चे निघायचे, पुढारी घसा फोडून भाषणं करायचे, आणि इकडं आमच्या शिवारातून ती रोज बिनबोभाट सिमेंट वाहायची. तिला कुणी कधी हार घातला नाही.

मी त्या लाईनीवर शंटिंगवाला होतो. म्हणजे वाघिणी, मालाचे डबे, जोडायच्या, सोडायच्या, झेंडी दाखवायची आणि दिवसभर बोंबलायचं. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, इंजिनाचे ड्रायव्हर. ताई गावातच दिलेली, त्यामुळं आम्ही घरीही एकमेकांसमोर आणि कामावरही. आम्ही कारखान्याचे नोकर, रेल्वेचे नव्हे. पण गाव आम्हाला रेल्वेवालेच म्हणायचं आणि आम्ही कधी दुरुस्त केलं नाही. सोयरीक जमवताना ते बरं पडायचं.

नोकरी लागली ती डोकं चालवून नव्हे, जमीन देऊन. लाईन टाकताना ठरलं होतं, ज्याची पट्टी रुळाखाली जाईल त्याच्या घरचा एक माणूस लाईनीवर. आमच्या वडलांची गेली, दाजींच्या वडलांची गेली, शेजारच्याची गेली. त्यामुळं झालं काय, अख्खी लाईन तिच्याच मूळ मालकांच्या हातात आली. आणि शेतकरी माणूस जमीन दिली तरी सोडतो का? जो तो आपल्या जुन्या पट्टीवरचा रूळ आपलाच समजायचा. खडी सारखी करायची तर आपल्या हद्दीपुरती, आणि अशी मन लावून की जशी काय उद्या पेरणीच आहे. शेजाऱ्यानं आपल्या हद्दीतली खडी फावड्यानं तिकडं ओढली म्हणून दोघांची मारामारी झालेली मी सोडवलीय. बांधावरची भांडणं रुळावर आणणारी माणसं आम्ही! कारखान्याचा इंजिनियर डोक्याला हात लावायचा. "अरे, ही खडी कंपनीची आहे," म्हणायचा. त्याचं कोण ऐकतंय? पण लाईन कशी होती म्हणाल तर आरसा. रूळ धरून ठेवणारी एक चावी ढिली सापडायची नाही, एक झुडूप उगवायचं नाही. याचा मला तेव्हा अभिमान होता.

इंजिन जुनं, दुसरीकडं वापरून टाकलेलं, डिझेलवरचं. काळं, बोजड, चढावर फुरफुरायचं, आणि घाई केली की अडून बसायचं. म्हणून सगळे त्याला म्हैस म्हणायचे. दाजी नुसतं 'ती' म्हणायचे. "आज ती गरम हाय." "तिला जरा दम खाऊ द्या." यावरून ताई टोचायची, "माज्याबद्दल कवा एवढं बोलले न्हाईत."

रेल्वेचं मोठं इंजिन क्लिंकरच्या वाघिणी स्टेशनाबाजूच्या रुळावर सोडून जायचं. क्लिंकर म्हणजे दळायच्या आधीचं सिमेंट, काळे खडे. अख्खी गाडी एका दमात ओढायची म्हशीची ताकद नव्हती, माळाचा चढ आडवा यायचा. मग आम्ही गाडीचे तुकडे करून न्यायचो आणि भरलेल्या सिमेंटच्या वाघिणी तशाच तुकड्यातुकड्यांनी खाली आणायचो. मी पायरीवर लटकून ओरडायचो. गंमत अशी, की घरी, दारी, भांडणात सगळीकडं आम्ही मराठी, पण शंटिंग मात्र दखनी हिंदीत. "आन दो, आन दो, हल्लू, हल्लू, बस्स!" मराठीत ओरडून वाघीण जोडता येत नाही. का ते मला विचारू नका.

मधे धर्मापुरीचा रस्ता आडवा यायचा, तिथं फाटक. फाटकावर एक मावशी. आधी तिचा नवरा होता, तो गेल्यावर ती. उसाचे ट्रॅक्टर फाटकाशी अडकले की ड्रायव्हर तिला शिव्या द्यायचे आणि मावशी त्या व्याजासकट परत करायची. तिचा आवाज स्टेशनापर्यंत जायचा. हॉर्नची गरज नव्हती.

कारखाना काही एका दिवसात बंद पडला नाही. आधी एक गिरणी थांबली, मग "थोडे दिवस" म्हणून दुसरी. रोज येणारी गाडी आठवड्यानं यायला लागली, मग महिन्यानं. शेवटची गाडी ही शेवटची आहे, असं कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निदान नीट बघून तरी घेतली असती. माणसं पांगली. कुणी पुण्याला वॉचमन झालं, कुणी कोयता घेऊन ऊसतोडीला गेलं. राहिलो आम्ही तिघं, दाजी, मी आणि मावशी. पगार आधी उशिरा यायला लागला, मग अर्धा, मग नुसता फोन यायला लागला. "नवा मालक बघतोय," फोनवरचा माणूस म्हणायचा. "लाईन सांभाळा."

ते दोन शब्द दाजींनी गाठीला बांधले. त्यांचा हिशेब सरळ होता. "कारखाना काय, पत्र्याचा हाय. मशिनी कुटं बी मिळत्यात. पर टेसनापातूर सोताची लाईन कुनाला मिळती? लाईन जित्ती हाय तवर गिऱ्हाईक येनारच. लाईन मेली का मग समदं मेलं." माझा यावर विश्वास होता का? होता. खोटं कशाला बोलू.

रुळावरून चाक फिरलं नाही तर रूळ गंजतो. म्हणून दाजींनी सोमवार धरला. सकाळी वैजनाथाचं दर्शन घ्यायचं, कपाळाला भस्म, मग शेडमध्ये येऊन म्हैस चालू करायची आणि रिकामीच स्टेशनाच्या कुंपणापर्यंत नेऊन परत आणायची. कुंपणाला दार होतं आणि दाराला रेल्वेचं कुलूप. पुढं जायची परवानगी नव्हती. दाजी तिथं हॉर्न वाजवायचे, कुलपाकडं बघायचे, आणि मागं फिरायचे. त्या रिकाम्या फेरीसाठी मावशी फाटक पाडायची. मी झेंडी दाखवायचो. जोडायला वाघीण नाही, सोडायला वाघीण नाही, आणि मी आपला "आन दो, आन दो" करतोय! पारावर बसलेले हसायचे. "काय बे, आज किती टन हवा आनली?"

"तुज्या डोक्यात मावंल तेवढी," मी म्हणायचो.

शेडच्या टाकीतलं डिझेल संपलं तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. पण पुढच्या सोमवारी दाजी मोटारसायकलला कॅन बांधून हजर. ते डिझेल होतं त्यांच्या विहिरीवरच्या इंजनाचं. त्यांच्या मळ्यात पाणी उपसायला एक जुनं डिझेलचं इंजन होतं, हँडल मारून चालू करायचं. त्यावर ताईचं कडवळ भिजायचं आणि कडवळावर तिच्या दोन गाई जगायच्या. दाजींनी विहिरीवरच्या इंजनाच्या तोंडचं काढून म्हशीला पाजलं. एकदा नव्हे, दर सोमवारी.

ताई भडकली. भडकणारच. "शेत कोरडं ठिवून रूळ वला करायलेत! माजे मालक हायत का त्या काळीचे गडी, ते एकदा सांगा म्हनावं." हे ती मला म्हणत होती, दाजी समोर बसलेले असताना. रागात असली की नवऱ्याशी माझ्यामार्फत बोलायची.

"एक गिऱ्हाईक येऊ दे," दाजी म्हणाले. "मग बगा."

"मग काय, रुळावर भाकरी भाजू?"

शेवटी तिनंच विहिरीवर विजेची मोटार बसवली. जुनं इंजन लिंबाखाली ढकलून ठेवलं, त्यावर एक गोणपाट टाकलं, पुढं ते गोणपाटही कुणीतरी नेलं. दाजींनी त्याच्याकडं वळून बघितलं नाही. म्हशीचं तेलपाणी मात्र चुकायचं नाही. बाजारात चांगलं फडकं दिसलं तरी ते तिच्यासाठी घ्यायचे.

असं किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. मी मधेच बंद करायला पाहिजे होतं, असं माझी बायको म्हणते. सोमवारी घरी बसून काय करायचं होतं, ते मात्र ती सांगत नाही.

मग एका उन्हाळ्यात फोन आला. सोमवारी साहेब लोक लाईन बघायला येतायत, इंजिन चालू ठेवा. दाजींनी फोन खिशात टाकला आणि ताईला सांगायला घरी पळाले. त्या वयात, त्या उन्हात पळाले. आठवडाभर आम्ही घाम गाळला. मावशीनं फाटकाच्या दांड्याला लाल-पांढरे पट्टे मारले. दाजींनी म्हैस पोळ्याच्या बैलासारखी धुतली. बातमी फुटली तसे जुने लाईनवालेही गोळा झाले. ज्यांच्या पट्ट्या होत्या ते आपापल्या हद्दीत फावडी घेऊन उतरले, वेडी बाभूळ मुळासकट खणून काढली, आणि दुपारपर्यंत खडीवरून पुन्हा जुंपली. मला भरून आलं. भांडण ऐकून डोळे ओले करणारा जगात मी एकटाच असेन.

साहेब लोक जीपमधून आले. माणसं चांगली होती, उगाच नावं कशाला ठेवू? दाजींनी नारळ फोडला, म्हशीला झेंडूचा हार घातला, त्यांना वर घेतलं आणि सावकाश अख्खी लाईन दाखवली. मधे मधे उतरून ते रूळ ठोकून बघायचे, कडेला एक पकड लावून किती झिजलाय ते मापायचे आणि खडूनं खूण करायचे. "लाईन काय ठेवलीय हो तुम्ही!" त्यांच्यातला एक जण म्हणाला. "नव्यासारखी आहे."

दाजी नव्या नवरीसारखे लाजले. "वैजनाथाची कृपा," म्हणाले.

ताईनं पुरण घातलं होतं. साहेब लोक ओसरीवर पोटभर जेवले. आम्ही वाढत होतो आणि एकमेकांकडं बघत होतो. कशासाठी आलात, कारखाना कधी चालू करणार, हे कुणीच विचारलं नाही. पाव्हणा ताटावर बसलेला असताना त्याला कामाचं विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि बघायला आलेला माणूस पोरगी पसंत करायलाच येतो, असं आम्ही धरून चाललो. ते रुळांचा भाव ठरवायला आले होते. हे आम्हाला कळायला पुढचा आठवडा उजाडावा लागला.

कारखान्यापाशी ट्रक आला. त्यातून गॅसच्या टाक्या उतरल्या, बोल्ट सोडायचे लांब पाने उतरले, आणि माणसं उतरली. माणसं आपलीच, आसपासच्या तांड्या-वाड्यांवरची, नुकतीच ऊसतोडीवरून परतलेली नवरा-बायकोची जोडपी. मुकादमही तोच, दसऱ्यानंतर त्यांना साखर कारखान्यांवर नेणारा. "लाईन इकली," मुकादम म्हणाला. "रूळ उचलायचे हायत."

"कोन म्हनलं?" दाजींनी विचारलं.

"आता! साहेब लोक बगून न्हाई का गेले? तुमच्याच घरी जेवले म्हन्ले."

 म्हशीचं फडकं दाजींच्या हातात होतं, त्यानं हात पुसत राहिले. मला असा राग आला की मुकादमाची गचांडी धरावी. पण त्याचा काय दोष? तो ऊस तोडतो, केळी तोडतो, उद्या आभाळ तोडायला सांगितलं तर माणसं घेऊन जाईल.

माळावर ट्रक जायला वाट नव्हती. मग ठरलं असं, की कारखान्याच्या टोकाकडून रूळ उचलत यायचं, तिथंच राहिलेल्या एका उघड्या वाघिणीवर लादायचं आणि पुढच्या शाबूत रुळावरून नेऊन स्टेशनाच्या कुंपणापाशी रचायचं. इंजिन चालू आहे म्हटल्यावर त्यांचं काम सोपं झालं. मुकादमानं त्याचा कुणी ड्रायव्हर आणला होता. तो म्हशीच्या पायरीवर पाय ठेवायला गेला तसे दाजी पुढं झाले.

"उतर बे खाली. परका हात न्हाई लागायचा तिला. मी चालवतो."

मी त्यांना बाजूला ओढलं. "दाजी, आपल्या हातानं?"

"मग कुनाच्या, पाव्हनं?" दाजी म्हणाले. "रूळ कुटं दबलेला हाय, कुटं हळू घ्यायचं, ते त्याला कसं ठावं असंल?"

आणि चालवली. रोज थोडी थोडी लाईन कमी व्हायची. पुरुष पान्यानं बोल्ट ढिले करायचे, बायका चाव्या पाटीत भरायच्या, मग सगळे मिळून रूळ वर घ्यायचे. मी पायरीवर लटकून "आन दो, हल्लू" करायचो. इतक्या वर्षांनी म्हशीमागं भरलेली वाघीण होती. आमच्या वडलांच्या पट्टीवर आले तेव्हा मी उतरलो आणि बांधावर जाऊन बसलो. रूळ निघाला की खाली जमीन असेल, असं मला वेड्याला वाटत होतं. खाली खडी होती, आणि खडीखाली सिमेंट पिऊन पांढरी, दगड झालेली माती. आमची जमीन कुठं गेलती कुणास ठाऊक.

एका दुपारी सगळे रुळाकडेच्या एका लिंबाखाली भाकरी खात बसलो होतो. मुकादम कौतुकानं बोलत होता. "तुमी लोकांनी लाईन लई भारी ठिवली, राव. म्हनूनच तर गिऱ्हाईक लागलं. हे रूळ काय भंगारात चालले न्हाईत, दुसऱ्या कारखान्याला जसेच्या तसे टाकायचेत. आमच्याकडं एक असलीच बंद लाईन हाय, कवाधरनं झुडपात गंजत पडलीय. तिला कुत्रं हुंगत न्हाई. उचलायचा खर्च बी निगत न्हाई म्हन्त्यात. तशी आसती तर तुमची बी राहिलीच आसती की."

 दाजींचा घास हातातच राहिला. "खरं सांगतो का बे?" त्यांनी विचारलं.

"वैजनाथाची आन."

दाजींनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली, उठले, म्हशीवर जाऊन बसले. त्या दिवशी मी "आन दो" म्हणायच्या आधीच त्यांनी दांडा ओढला. वाघीण धडकून जोडली गेली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून वाघीण धडकलेली मी पहिल्यांदा बघितली.

रस्त्यापासून पुढचे रूळ ट्रकनंच न्यायचे ठरले होते, म्हणून म्हशीची ही शेवटची खेप, आणि त्या खेपेला मावशीनं फाटक पाडलं. रस्त्याच्या अलीकडचे रूळ आदल्या दिवशीच निघाले होते, म्हणजे त्या फाटकातून आता काही जाणार नव्हतं. म्हैस आणि वाघीण रस्त्याच्या पलीकडं, स्टेशनाच्या अंगाला उभी. तरी तिनं पाडलं. एक टेम्पोवाला हॉर्न मारून मारून थकला, मग तोंडानं सुरू झाला. मावशीनं त्याला उलट शिवी दिली नाही. दांडा धरून नुसती उभी राहिली, आणि म्हैस दिसेनाशी झाल्यावर वर केला.

कुंपणाचं ते दार त्या दिवशी उघडलं. इतके सोमवार ज्या कुलपाकडं बघून आम्ही परत फिरायचो, ते रेल्वेच्या माणसानं येऊन एका मिनिटात काढलं. दाजी त्याच्याकडं बघत राहिले. रचलेले रूळ पलीकडं गेले. म्हशीला मात्र पलीकडं कुणी घेणार नव्हतं, तिला तिथंच कापायची होती. दाजींनी तिला बंद केलं, हाताचा दांडा पुसला, खाली उतरले. गॅसची टाकी आणणारा पोऱ्या वाट बघत उभा होता. आम्ही घरी आलो. वाटेत मी दोनदा काहीतरी बोललो, त्यांना ऐकू गेलं नाही.

पुढच्या सोमवारी दाजी वैजनाथाला गेले नाहीत. ओसरीवर बसून होते. मी गेलो तेव्हा ताई चुलीपाशी होती. मोटार जळालेली, वायरमनचा पत्ता नाही, आणि मळ्यात कडवळ माना टाकत होतं. ती बाहेर आली. हातात डिझेलचा कॅन. आज माझ्यामार्फत नाही, सरळ त्यांच्याशीच बोलली, आणि हळू बोलली. "अहो. जुनं इंजन चालू करून बगता का? गाया उपाशी हायत."

दाजी उठले. आम्ही दोघं मळ्यात गेलो. लिंबाखाली ते इंजन होतं, वरून पक्ष्यांनी घाण केलेलं, नळकांड्यात मुंग्यांनी माती भरलेली. दाजींनी माती काढली, डिझेल ओतलं, हँडल बसवलं आणि जोर लावला. हललं नाही. मी हात लावला. दोघांनी मिळून लावला. दाजींच्या कपाळाची शीर फुगली. तसूभर हललं नाही. आतून सगळं गंजानं धरलं होतं.

दाजींनी हँडल सोडलं आणि खाली बसले. तळहाताला लाल गंज लागला होता, त्याच्याकडं त्यांनी बराच वेळ बघितलं.

"बरं हाय," ते म्हणाले. "हे आता कुनी न्यायचं न्हाई."

ताई बांधावर उभी होती.  कॅनमध्ये उरलेलं डिझेल घेऊन घराकडं गेली, आणि येताना तीन विळे घेऊन आली. उभं कडवळ वाळायच्या आत कापून टाकायला आम्ही तिघं वाकलो.